ओळखपत्र नव्हे, कावळा!

प्रश्न असा आहे: स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर 'एमएचसी-१' नावाचे रेणू कमी दिसतात. त्यांना मराठीत 'पेशीचं ओळखपत्र' म्हणावं का?

नका म्हणू. व्याख्यान कोणाचंही असो, हे ओळखपत्र खिशातून निघतंच आणि माझं डोकं उठतं. ओळखपत्रावर धारकाचं नाव असतं. हे रेणू पेशीत तुटलेल्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे वर आणून धरतात. टी-पेशी, म्हणजे शरीराची पहारेकरी प्रतिकारपेशी, रेणू आणि तुकडा दोन्ही मिळून चाचपते (झिंकरनागेल आणि डोहर्टी, १९७४) आणि तेवढ्यावरून आत काय शिजतंय ते ताडते.

तुकड्यावरून सगळ्याचा बोध! याला संस्कृतात नेमका शब्द आहे, उपलक्षण. आणि आपला 'ओळख' त्याच घराण्यातला: 'उपलक्ष्', प्राकृतात 'उवलक्ख' आणि 'ओलक्ख', मग मराठीत ओळखणे, गुजरातीत ओळखवुं. 'ओळख' 'अवलक्ष्'वरून आली असा आग्रह धरणारे विद्वान उच्चाराकडे बोट दाखवतात. पण प्राकृतात 'अव'चा 'ओ' होतो तसा 'उप'चाही होतो. उपाध्यायाचा ओझा झाला तो कसा? उच्चारावरून निकाल लागत नसेल तर अर्थाकडे बघावं. 'अवलक्ष्' म्हणजे नुसतं बघणं. खुणेवरून जाणणं 'उप'मध्येच आहे. कोश उघडून अर्थ न वाचणाऱ्यांशी वाद घालण्यात मजा नाही.

उपलक्षणाचं संस्कृत शास्त्रकारांचं लाडकं उदाहरण आहे, 'काकवद् देवदत्तस्य गृहम्'. देवदत्ताचं घर कोणतं? ज्यावर कावळा बसलाय ते. कावळा काही घराचा भाग नव्हे, पण खूण पटते. आपला प्रथिनाचा तुकडा म्हणजे हा कावळा. फरक एकच. कावळा उडाला तरी आपण घर ओळखलेलं असतं. टी-पेशीला मात्र दर खेपेस कावळा दिसावा लागतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात तोच दिसत नाही. आणि इथे दुसरी चूक ऐकू येते, 'पेशीने ओळख पुसली'. या कर्करोगात एमएचसी-१ची जनुकं क्वचितच बिघडलेली असतात. २०२० साली दिसलं ते असं, की 'एनबीआर१' नावाचं प्रथिन हे रेणू हेरून स्वभक्षणाच्या, म्हणजे ऑटोफॅजीच्या वाटेला लावतं आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, त्यांचा चुरा होतो. उंदरांमध्ये स्वभक्षण रोखलं तेव्हा रेणू पेशीवर परतले. तेव्हा पुसली नव्हे, ओळख गिळली.

हो, तुमचा प्रश्न राहिलाच. 'उपलक्षक रेणू' म्हणा, नाहीतर सरळ 'एमएचसी'. फक्त एमएचसीच्या इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर, 'मुख्य ऊतकसुसंगती संकुल', नको. एकाचं ऊतक दुसऱ्याचं शरीर स्वीकारतं का, हे गोरर आणि स्नेल हे शास्त्रज्ञ उंदरांवर तपासत होते, त्यातून ते नाव आलं. निसर्गात कोणी कोणाच्या कातडीचं कलम लावत बसत नाही.