इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार): इंदूरच्या वाचकांचे प्रश्न

बाबांचा तोंडाचा कॅन्सर उलटला. डॉक्टर निव्होल्युमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन फक्त २० मिलिग्रॅम देऊ म्हणतात. नेटवर २४० दिसतं. पैसे नाहीत म्हणून कमी औषध देतायत का? (रामबाग)

पैशांचा संबंध आहेच, पण हा आकडा कुणी मनाने ठरवलेला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने अशाच डोके-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर चाचणी घेतली, निकाल २०२२ मध्ये आले. नुसत्या केमोच्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते. गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निव्होल्युमॅब घेणाऱ्यांत ४३.४ टक्के. टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि पीडी-१ हा त्यांचा ब्रेक. कॅन्सर तो दाबून धरतो, औषध तो सोडवतं, आणि तेवढ्यासाठी थोडं औषधही पुरतं. मात्र हा फायदा दोन्ही मिळून दिसला होता. म्हणून डॉक्टरांना विचारा, सोबत गोळ्या आहेत ना? आणि बाबा पूर्ण बरे होतील, असं यातून समजू नका. आयुष्य वाढू शकतं, तेही सगळ्यांचं नाही.

आईचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन सुरू आहे. ताकदीसाठी गिलोयचा (गुळवेलीचा) काढा चालेल? (लोकमान्य नगर)

नको. काढ्याने वर सांगितलेला टी-पेशींचा ब्रेक सुटत नाही. उलट इंजेक्शनमुळे मोकळ्या झालेल्या पेशी कधी आईच्याच यकृतावर, आतड्यावर, फुफ्फुसांवर किंवा थायरॉइडवर उठतात. गिलोयनेही यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. उद्या कावीळ झाली तर बंद काय करायचं, इंजेक्शन की काढा? जुलाब लागले तर ‘सराफ्याच्या खाऊगल्लीतलं काहीतरी बाधलं’ म्हणून अंगावर काढू नका. धाप लागली तरी तेच. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइड वेळेवर मिळालं तर त्रास बहुतेकदा आटोक्यात येतो.

मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. मुंबईची कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देण्याचा उपचार) मिळेल का?

नाही. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या नेक्सकार१९ या कार-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती बी-पेशींच्या लिम्फोमा-ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी. मंजुरी मिळाल्याचं व्हॉट्सअॅपवर फिरतंय, पण कुठल्या कॅन्सरसाठी ते त्यात नसतं.

मूत्राशयाचा कॅन्सर आहे. आत बीसीजी सोडणार म्हणतात. बाळांना टोचतात तीच लस?

हो, जंतू तोच, फक्त नळीने मूत्राशयात सोडतात. वरवरची गाठ काढल्यावर, सहसा आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. लघवीला जळजळ, थोडी कणकण होतेच. ताप चढला आणि उतरेनासा झाला तर मात्र क्रोसिनवर भागवू नका.