आधी ते कुलूप काढा

पत्र: माझी मुलगी अकरावीत आहे. दहावीला 94 टक्के. जेईईसाठी दोन वर्षांच्या क्लासची पूर्ण फी भरली आहे. ही मात्र रात्री नासाच्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीच्या माहितीवरून आलेख काढत बसते. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे खडकाळ ग्रह शोधायचे म्हणते. शेवटी मी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून ती धड बोलत नाही, टेस्टचे मार्कही घसरले. असे ग्रह शोधून पोट भरतं का? नासात गेल्याशिवाय त्यात काही होत नाही. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच तिच्यासाठी योग्य आहे, हे तिला समजावून सांगा. भरलेली फी वाया जायला नको. – एक वडील, मानेवाडा, नागपूर

भाऊ, तिला समजावण्याचं काम मी घेणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

मार्क कुलूप लावल्यानंतर घसरले, हे तुम्हीच लिहिलं आहे. तरी दोष आलेखांना? तिच्या वयाची मुलं रात्री रील्स बघतात म्हणून रोज कोणी ना कोणी पालक माझ्याकडे रडत येतात. तुमची मुलगी ताऱ्याचा उजेड मोजत बसली होती आणि तिला शिक्षा झाली. पत्रात फी दोनदा आली. ती जेवते का, झोपते का, याबद्दल एक ओळ नाही. मला धास्ती त्या अबोल्याची वाटते. क्लासच्या दडपणाखाली गप्प झालेलं मूल मार्कांपेक्षा फार मोठी गोष्ट लपवत असू शकतं. फी गेली तर गेली, बाप्पा! ती वसूल करायला पोरीला जुंपू नका.

आता तुमचा गैरसमज. ग्रह शोधणं म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून बसणं, असं तुम्ही धरून चालला आहात. केप्लर-10बी हा खडकाळ ग्रह 2011 मध्ये जाहीर झाला, पण तो कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड दहा हजारांत जेमतेम दीड भागाने कमी होतो. ही घट ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा येते का, की ते ताऱ्यावरचे डाग किंवा यंत्राचा गोंधळ आहे, हे संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगने ठरवतात. घट किती, यावरून ग्रहाचा आकार कळतो. ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो, यावरून वस्तुमान. दोन्हींतून घनता निघाली की तो खडकाचा की वायूचा, याचा अंदाज येतो. म्हणजे तुम्ही ज्या कॉम्प्युटरकडे तिला ढकलताय, त्याच्यावरच ती बसली होती! नासाचं म्हणाल, तर केप्लरची माहिती कोणालाही फुकट मिळते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूवरच्या, ताऱ्याचं हे डुलणं मोजणाऱ्या ‘पारस’ या उपकरणाच्या मदतीने 2018 मध्ये एक ग्रह शोधला. तो खडकाळ नव्हता, पण काम इथलंच होतं.

पोटाचं खरं सांगतो. वाट लांब आहे. पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते आणि कायमच्या जागा मोजक्याच. हे तिलाही वाचून दाखवा. पण या वाटेवर शिकलेलं गणित आणि प्रोग्रॅमिंग बाहेर कुठेही चालतं, त्यामुळे उपाशी राहण्याची भीती घालू नका.

परीक्षा म्हणाल तर आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्था. आयसरच्या प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा, नायसरसाठी नेस्ट आणि तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळविज्ञानाच्या संस्थेसाठी जेईई अॅडव्हान्स्ड. क्लासचा अभ्यास तिन्हीकडे कामी येतो.

लॅपटॉप आजच परत द्या आणि तो कोणत्या वेळी वापरायचा, ते तिलाच ठरवू द्या. आठवडाभरात ती बोलती झाली नाही, तर क्लासच्या सरांकडे जाऊ नका, समुपदेशकाकडे जा. आणि थंडीत तिला पेंचला न्या. तिथला व्याघ्र प्रकल्प 2024 पासून देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा काळोख जपलेली जागा आहे आणि तुमच्या घरून दोन-अडीच तासांवर. फक्त गाडीत टेस्टचा विषय काढू नका.