पोहे, पाणी आणि पाळी

थंडीची चाहूल लागली की इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर पहाटे पळणारे वाढतात आणि माझ्याकडे येणारे प्रश्नही. प्रश्न मात्र गेल्या हंगामातलेच असतात, म्हणून त्यांतले काही निवडून एकदाच उत्तरे देते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यातले काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

प्रश्न : सकाळी पळायला जाण्याआधी पोहे-जिलेबी चालेल का? (लोकमान्यनगर)

पळून आल्यावर खुशाल खा. आधी खायचेच असतील तर दोन-तीन तास आधी, साधे, शेव-जिरावण न घालता. उसळ पोहे शर्यतीच्या सकाळी नकोतच.

प्रश्न : अर्धमॅरेथॉनच्या आदल्या रात्री आमचा ग्रुप 'कार्ब लोडिंग' म्हणून सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जातो. बरोबर आहे ना? (राजेंद्रनगर)

सराफ्यात जाण्याला कारण कशाला हवे? पण त्याला कार्ब लोडिंग म्हणू नका. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा एका जेवणाने भरत नाही. शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास, दर किलो वजनामागे रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदके, असा तो हिशेब आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान ६०० ग्रॅम. भात, पोळ्या, बटाटा, केळी, गूळ असे दिवसभर थोडे थोडे खाल्ले तरच ते जमते, आणि गरजही दीड तासापेक्षा जास्त पळणाऱ्यांनाच असते. दहा किलोमीटरला नेहमीचे जेवण पुरे. गराडू (तळलेला कंद) आणि मावाबाटी (माव्याची तळलेली मिठाई) यांत तूप-तेलच इतके असते की सकाळपर्यंत पोट जड राहते. ते शर्यत संपल्यावर.

दीड तासाच्या पुढे पळणार असाल तर वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. जे खाल ते सरावात आधी खाऊन पाहिलेले असावे. पोट नाजूक असेल तर आहारतज्ज्ञाला दाखवून बेत ठरवा.

प्रश्न : तहान लागेपर्यंत थांबलो तर उशीर होतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पाणी प्यायचे, असे आमचे कोच सांगतात. शिवाय मी ओआरएसचे टेट्रापॅक घेतो. ठीक ना?

दोन्ही ठीक नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी सापडले. ज्यांचे वजन पळताना *वाढले* त्यांना धोका सर्वांत जास्त होता. म्हणजे घामात गेले त्याहून जास्त ते प्यायले होते. मळमळ, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली की आपल्याकडे सगळे धावतात ते आणखी पाणी पाजायला! अशा माणसाला पाणी न पाजता तडक वैद्यकीय तंबूत न्या. तहानेप्रमाणे प्या. लांब पळण्याच्या आधी आणि नंतर वजन करा: एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. नंतरचे वजन जास्त भरले तर तुम्ही नको तितके प्यायलात.

आता टेट्रापॅक. खरे ओआरएस हे जुलाबाचे औषध आहे. लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. त्या नावाखाली वर्षानुवर्षे भरपूर साखर आणि चिमूटभर मीठ असलेली फळांच्या स्वादाची पेये विकली गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे नाव लावायला मनाई केली. फार उशिरा केली, पण केली. नारळपाणी चांगले, फक्त त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, म्हणून घामाची पुरती भरपाई त्याने होत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : वय २९, वजन ५५ होते, आता ४९. पूर्ण मॅरेथॉनची तयारी करते आहे. सात महिने पाळी आलेली नाही. ग्रुपमधल्या ताई म्हणतात की सिरियस रनर झाल्याची ती खूण आहे. गुरुवार आणि एकादशीचा उपास असतो. नडगी दुखते म्हणून दोनदा शूज बदलले. कोणते सप्लिमेंट घेऊ?

कुठलेच नाही. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि नडगी हाडांच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत पळणे बंद. सात महिन्यांत शूज दोनदा बदललेत आणि डॉक्टर एकदाही गाठला नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्या ताईंना माझा निरोप सांगा: पाळी थांबणे ही खूण आहे, पण उपाशी शरीराची. हिशेब असा. समजा तुमच्या शरीरात चरबी सोडून ४२ किलो वजन आहे. दिवसाला १,६०० कॅलरी खाल्ल्यात आणि ५०० पळण्यात गेल्या, तर बाकी सगळ्या कामांना उरल्या १,१००. म्हणजे किलोमागे २६. पंचेचाळीसच्या आसपास असावे, तीसच्या खाली गेले की शरीर काटकसर सुरू करते, आणि जगायला ज्याची तातडीने गरज नाही ते आधी बंद करते. पाळी त्यातलीच. मग हाडांची दुरुस्ती मागे पडते, सर्दी-खोकला पिच्छा सोडत नाही, सराव वाढवूनही वेळ सुधारत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये याला 'रेड्स' (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असे नाव दिले आणि २०२३मध्ये त्यावर नव्याने मार्गदर्शन केले. पुरुषही यातून सुटलेले नाहीत, त्यांचे टेस्टोस्टेरॉन घटते. फक्त त्यांना दर महिन्याला इशारा मिळत नाही.

तिशीच्या आसपास हाडांची घनता शिखरावर असते. आत्ता गमावलेली सगळी परत मिळेलच असे नाही. नडगीत बारीक तडा असेल तर तो सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल' ऐकून परत पळायला लागू नका, एमआरआयची गरज आहे का ते विचारा. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे डॉक्टर आधी तपासतील, हाडांची घनताही बघतील. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव आणता येतो, पण त्याने हाडे वाचत नाहीत आणि खरी तक्रार झाकली जाते. हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

उपासाबद्दल. श्रद्धेत मी पडत नाही. पण लांब पळण्याचा दिवस आणि उपास एकत्र नको, आणि दिवसभरात वाटीभर साबुदाण्याची खिचडी म्हणजे जेवण नव्हे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे लोक टोमण्याने म्हणतात, तुमच्या बाबतीत मी ते सल्ला म्हणून देते आहे. दाण्याचे कूट, दही, राजगिरा, रताळी, केळी, सगळे ताटात हवे. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. जेवणातले लोह अंगी लागावे म्हणून जेवणाला लागून चहा मात्र आजपासून बंद, आणि वरणावर लिंबू पिळा. पुन्हा पळायला कधी लागायचे ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतील. या हंगामातली मॅरेथॉन सोडून द्या.

प्रश्न : जिममधला विक्रेता म्हणतो, प्रोटीन पावडरशिवाय मॅरेथॉन होत नाही.

विक्रेत्याची होत नसेल. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, दूध, दही, पनीर, सोयाबीन, अंडी यांतून बहुतेकांची गरज भागते. न भागल्यास पावडर घ्या, पण डब्यावरचे घटक वाचून. 'मास गेनर' नावाच्या डब्यात बहुतेक भाग स्वस्त कर्बोदकांचा असतो. स्पर्धेत डोपिंग चाचणी होणार असेल तर क्रीडावैद्याला विचारल्याशिवाय कुठलाही डबा उघडू नका.

प्रश्न : कीटो (कर्बोदके जवळजवळ बंद करणारा आहार) करून पळावे का?

नाही.

प्रश्न : वय ५४, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे उपाशीपोटी पळतो. (तिलकनगर)

उपाशी पळणे थांबवा आणि गोळ्यांची नावे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते, काहींनी उपाशीपोटी लांब पळताना रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठू शकते. तुमची गोळी कोणती ते पाहिल्याशिवाय मी एक केळेही सुचवणार नाही.

प्रश्न : शर्यतीआधी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतली तर चालेल का?

अजिबात नाही. घाम वाहत असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि सोडियम घटण्याचा धोकाही वाढवू शकतात. गुडघा शर्यतीच्या आधी डॉक्टरांना दाखवा.