चित्रकला येत नसली तरी पक्ष्याचं चित्र रंगवून डोकं शांत होतं का?

तुम्ही लिहिलंय की कामावरून आल्यावर डोक्यातले विचार थांबत नाहीत, मोबाईल बघत पडलं की झोप आणखीच उडते, आणि कुणीतरी पक्ष्यांची छापील चित्रं रंगवायला सुचवलंय. पण चित्रकला अजिबात येत नाही, मग उपयोग होईल का?

होतो की. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. मार्चअखेर आणि जीएसटीच्या तारखा आल्या की डोक्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. अशा दिवसांत रात्रीची आवराआवर झाली की मी रंगीत पेन्सिली घेऊन बसते. अनुभवाचं तेवढंच सांगते.

चित्रकला न येण्याची भीती आधी काढून टाका. आमच्या बेळगावात तर या कलेचा मान फार मोठा. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी इथं कितीतरी विद्यार्थी घडवले, नामवंत चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले. अशा गावात पेन्सिल हातात धरायचंही दडपण येतं. पण रंगवणं हे निराळं काम आहे. रेघा आधीच मारलेल्या असतात. कुठला रंग आणि किती दाबून, एवढंच आपण ठरवायचं. २००५ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. आधी त्यांना भीतीचा एखादा प्रसंग आठवून लिहायला लावला, मग काहींना मंडल, म्हणजे गोलात काढलेली नक्षी, काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कमी झाली, कोऱ्या कागदावर मात्र तसं झालं नाही. मला ते पटतं. दमलेल्या माणसापुढं कोरा कागद ठेवला की ते आणखी एक काम होऊन बसतं. दारातली ठिपक्यांची रांगोळी भरताना जसं बोट आपोआप चालतं आणि मन त्याच्या मागून निवांत जातं, तसं इथं होतं.

मग मंडल सोडून पक्षीच का? कारण पक्षी बाहेर खरोखर आहे. रात्री त्याचा पंख रंगवला की सकाळी तारेवर तोच दिसल्यावर नजर थांबते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आपल्या रानात पाहिलेला पक्षी घ्या. चित्रांच्या पुस्तकात परदेशातले रंगीबेरंगी पोपट खूप असतात, पण त्यांचे रंग आपल्याला आठवणीतून काढता येत नाहीत.

सुरुवात नीलकंठापासून करा, ज्याला कुणी चास म्हणतात. कर्नाटकाचा राज्यपक्षी. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात. थंडीत निपाणीकडं जाताना रानातल्या तारांवर बसलेला हमखास दिसतो, आणि बसलेला असताना अगदी साधा, मातकट वाटतो. तोच टोळ धरायला खाली झेपावला की पंख उघडतात आणि आत फिक्या निळ्याचे, गडद निळ्याचे पट्टे चमकतात. म्हणून पंख पसरलेलं चित्रच निवडा.

आता पंखाचं सांगते, कारण खरी मजा तिथं आहे. नीलकंठाच्या किंवा खंड्याच्या पिसात निळा रंग नसतोच. पिसाच्या आतली रचना इतकी बारीक असते की उजेड तिच्यावर विखुरताना निळा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पीस कुटून पूड केली तर निळेपणा निघून जातो. हे कळल्यापासून मी निळी पेन्सिल दाबून फिरवणं सोडलं. आधी आकाशी रंगाचा अगदी हलका हात, पिसाच्या वाढीच्या दिशेनं. त्यावर निळा, पण पिसाच्या मधल्या दांड्याजवळ थोडा कागद पांढराच ठेवायचा. कडेला गडद निळ्यात किंचित जांभळा. असे तीन-चार थर चढले की पंख उजेडात धरल्यासारखा दिसायला लागतो. एकेक पीस करत गेलं की साहेबांचा फोन, उद्याची बिलं, सगळं मागं पडतं. घाईत हे जमतच नाही, आणि आपल्याला हवी असते ती हीच सक्तीची सावकाशी.

पोपटाचंही असंच. त्याच्या पिसात पिवळा रंग खरोखरचा असतो, निळा मात्र रचनेतून येतो, आणि दोन्ही मिळून हिरवा दिसतो. म्हणून तयार हिरवी पेन्सिल घेऊ नका. खाली पिवळा भरा, वरून हलका निळा फिरवा. आपल्या हाताखाली हिरवा उगवताना बघायला फार छान वाटतं.

आणि धनेश! खानापूरच्या पलीकडं लोंढा-दांडेलीच्या जंगलात दिसतो तो. त्यातल्या मोठ्या धनेशाच्या मानेचा आणि पंखावरच्या पट्ट्यांचा पिवळेपणा त्यानं स्वतः लावलेला असतो. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल चोचीनं पिसांना चोळून पांढरी पिसं पिवळी होतात. तेव्हा त्याची मान सारखी पिवळी भरू नका. कुठं गडद, कुठं नुसता डाग, कुठं पांढरी, असंच खरं दिसतं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरोळीही आपल्याकडं पिकलेल्या वडा-पिंपळावर येते. राखी डोकं, पिवळे पाय, खांद्यावर फिकट जांभळा ठिपका. सीमा आपल्याला, तिला कसली?

सामानाचं थोडक्यात. बारा रंगीत पेन्सिली आणि एक चांगलं शार्पनर पुरे. चित्राची झेरॉक्स साध्या कागदावर काढली तर तीन थरांनंतर रंग धरत नाही, म्हणून झेरॉक्सवाल्याला जाड ड्रॉइंग पेपर द्या, बहुतेक जण काढून देतात. सुरुवातीला जलरंग नकोत. आपल्याकडं पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत, कागदही सर्द होतो, म्हणून कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे. तळहाताखाली एक रद्दी कागद धरा, नाहीतर रंग पुसटतो. फिका रंग आधी, गडद नंतर. डोळा पहिल्यांदा करा आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका सोडा, पक्षी लगेच जिवंत वाटतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

एक मात्र कळकळीनं सांगते. कित्येक आठवडे झोपच लागत नसेल, छातीत धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर पेन्सिलींवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.

झालेलं चित्र लगेच कुणाला दाखवायची गरज नाही. फोटो काढून टाकला की किती जणांना आवडलं ते बघत पुन्हा मोबाईलच हातात येतो. रात्री झोप यायला लागली की पंख अर्धवट सोडून खुशाल उठा, उरलेली पिसं उद्या. नीलकंठाला आकाशी, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा एवढे पाच रंग लागतात, ते बाराच्या डबीत असतातच. उद्या येताना घेऊन या.