वाचक विचारतात : शब्बाथचे जेवण, दारावरची मेझुझा आणि जास्तीचा अदार

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजावरचा लेख गेल्या अंकात छापला, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले बहुतेक प्रश्न समाजापेक्षा धर्माबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

ज्यू धर्मात नेमके काय मानतात, हे थोडक्यात सांगता येईल का? त्यांचा एखादा मूलमंत्र आहे का? (वाचक, सातारा)

मूलमंत्र म्हणायचाच तर तो 'शमा'. 'शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक. परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एकच आहे.' तोरा या मूळ धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाचे हे चौथे वचन. ते रोज सकाळी आणि रात्री म्हणतात, मरणाऱ्याच्या ओठांवरही शेवटी हेच असावे अशी इच्छा असते. शेकडो वर्षे इतर ज्यूंपासून तुटून कोकणात राहिलेले बेने इस्राएल बाकीच्या हिब्रू प्रार्थना विसरले, पण शमा विसरले नाहीत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणे, आठव्या दिवशी मुलाची सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियमही त्यांनी सांभाळले. 'शनिवार तेली' हे नाव त्यातूनच पडले.

देव एकच, त्याला रूप नाही, म्हणून मूर्ती किंवा तसबीर नाही. बाराव्या शतकात मोशे बेन मैमून या पंडिताने तेरा तत्त्वे मांडली. देवाचे एकत्व, तोरा देवाने दिली, मशीहा (तारणहार) येईल, मृत पुन्हा उठतील अशी ती आहेत. बहुतेक प्रार्थनापुस्तकांत ती छापलेली असतात, तरी त्यांतल्या काहींवर पंडितांचे वाद झाले आणि आजही होतात. आमच्या मते या धर्माची ओळख तत्त्वांपेक्षा आचरणातून लवकर पटते. परंपरेने आज्ञा मोजल्या आहेत ६१३. त्यांत 'करा' असे सांगणाऱ्या २४८ आणि 'करू नका' असे सांगणाऱ्या ३६५. यातल्या पुष्कळशा जेरुसलेमच्या मंदिरातल्या बळींविषयी असल्याने इ. स. ७० मध्ये मंदिर पाडले गेल्यापासून त्या आचरता येत नाहीत. मेल्यानंतर काय होते याबद्दल मात्र तोरा फारशी बोलत नाही.

आमच्या शेजारच्या ज्यू कुटुंबाने शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बोलावले आहे. काय न्यावे, काय पाळावे? (वाचक, ठाणे)

हे शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे जेवण. वेळ पाळा, ही पहिली गोष्ट. सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटे आधी घरातली स्त्री दोन मेणबत्त्या किंवा तेलाचे दिवे लावते. एकदा दिवे लागले की कर्मठ घरात शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवणे, विझवणे, लिहिणे, पैशांचा व्यवहार, स्वयंपाक असे सगळे बंद. निषिद्ध कामांचे ३९ मूळ प्रकार मोजले आहेत, आणि विजेचे बटण दाबणेही कर्मठ लोक टाळतात. पाहुण्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे हात धुऊन येताना सवयीने न्हाणीघरातला दिवा बंद करणे. तो तिथे मुद्दाम चालू ठेवलेला असतो. तुम्ही घालवलात तर घरचे कोणी तो पुन्हा लावणार नाही आणि 'जरा लावता का' असे तुम्हाला सरळ म्हणणेही त्यांच्या नियमात बसत नाही. फोन पिशवीत, आवाज बंद. फोटो नको.

घरी केलेला पदार्थ नेऊ नका, कारण पुढच्या उत्तरात आहे. वाइनही नको, ती कोशर, म्हणजे धर्मनियमांत बसणारीच लागते. फुले द्यायची तर शुक्रवारी दुपारीच पोचवा, रात्री फुलदाणीत नवे पाणी भरण्याचा पेच नको. सालासकट आख्खी फळे सगळ्यांत बिनधोक.

जेवणाआधी किद्दुश, म्हणजे द्राक्षारसावरचे आशीर्वचन होते. किमान ८६ मिलिलिटरचा पेला काठोकाठ भरून आशीर्वचन म्हणतात. बेने इस्राएल घरांत वाइनऐवजी काळ्या मनुकांचे सरबत असते. मनुका धुऊन रात्रभर भिजत घालायच्या, कुस्करून गाळून घ्यायच्या. पाणी वाढवायचा मोह आवरावा लागतो, कारण मनुका पाण्याच्या एकषष्ठांशाहून जास्त हव्यात, म्हणजे एक वाटी मनुकांना सहा वाट्यांच्या आतच पाणी. त्याहून पातळ झाले तर ते नुसते सरबत, त्यावर द्राक्षारसाचे आशीर्वचन म्हणता येत नाही. त्यानंतर भांड्याने दोन्ही हातांवर पाणी घेतात आणि भाकरीचा तुकडा तोंडात जाईपर्यंत कोणी बोलत नाही. या शांततेत तुम्हीही गप्प राहा, कोणी रागावलेले नसते. ताटात झाकलेल्या दोन भाकऱ्या असतात, वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मिळालेल्या मान्नाची, म्हणजे देवाने पाठवलेल्या अन्नाची ती आठवण.

इस्राएलहून येणारा पाहुणा कर्मठ ज्यू आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही कमीच. म्हणजे आमचे जेवण आपोआप कोशर झाले ना? (वाचक, पुणे)

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जरा विस्ताराने सांगतो.

आधी मूळ नियम. चतुष्पादांत खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो, म्हणून बकरा चालतो, डुक्कर नाही. माशाला पर आणि सहज निघणारे खवले दोन्ही हवेत. पापलेट, पाला, रोहू चालतात. कोलंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी आणि शिंगाळा चालत नाहीत. पशू-पक्षी शोहेतने, म्हणजे त्यासाठी शिकलेल्या ज्यू माणसाने, बिनखाचेच्या सुरीनेच मारलेला हवा. रक्त वर्ज्य, म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ लावून तासभर निथळत ठेवायचे आणि तीनदा धुवायचे. बारीक मीठ वापरले तर ते विरघळून जाते आणि रक्त ओढत नाही. काळजात रक्त फार, ते मिठाने भागत नाही, विस्तवावर भाजावेच लागते. मांस आणि दूध एका जेवणात नाही. मांसानंतर बहुतेक कर्मठ लोक सहा तास थांबतात. बेने इस्राएलांच्या रश्श्यांत नारळाचे दूध का, याचे उत्तरही यातच आहे.

तुमच्या घरी मांसाचा प्रश्न येत नाही. अडचण दुसरीकडे आहे.

पहिली, नैवेद्य. देवाला दाखवलेले अन्न, प्रसाद, तीर्थ तो घेणार नाही. मूर्तिपूजेशी जोडलेल्या अन्नाची मनाई या धर्मात फार कडक आहे. त्याच्यासाठीचे वेगळे ठेवा आणि आग्रह करू नका.

दुसरी, भांडी. गरम अन्नाची चव भांड्यात मुरते असे मानतात, त्यामुळे ज्या कढईत बाहेरचे चीज किंवा केक कधी शिजला ती चालत नाही. तिखट पदार्थांना हा नियम गारही लागू होतो. तुमच्या सुरीने चिरलेला कांदा किंवा लिंबू म्हणूनच नको, काकडी चालू शकते.

तिसरी, शिजवणारा कोण. जे कच्चे खात नाहीत आणि प्रतिष्ठित पंक्तीला शोभते, असे अन्न ज्यूचा हात न लागता शिजले तर वर्ज्य. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत ज्यू माणसाने शेगडी पेटवली तरी पुरते, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) परंपरेत भांडे चुलीवर त्यानेच ठेवायला हवे. तेव्हा नवे कोरे पातेले आणा, पाहुण्याला स्वयंपाकघरात बोलवा, त्यालाच गॅस पेटवून पातेले ठेवू द्या. दोन्ही परंपरा सांभाळल्या जातात आणि त्याला वाईटही वाटत नाही.

चौथी, किडे. फ्लॉवर, पालक, कोथिंबीर यांतला डोळ्यांना दिसणारा एक किडासुद्धा चालत नाही. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून, वाहत्या पाण्याखाली पान न् पान उजेडात बघावे लागते. फ्लॉवरचे तुरे तपासणे जिकिरीचे, तो टाळलेलाच बरा. डाळ-तांदूळ निवडायची आपली जुनी सवय इथे कामाला येते.

पाचवी, लपलेले घटक. चीजमधले रेनेट (दूध गोठवणारा घटक, तो प्राणिज असू शकतो), मिठाईवरचा वर्ख (तो परंपरेने जनावराच्या आतड्याच्या थरांत कुटतात), द्राक्षांचे व्हिनेगर. पाहुणा पेसाहच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) आठवड्यात आला तर गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचे, मात्झा ही बिनखमिराची भाकरी सोडून, काहीही चालत नाही, आणि बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते हे कुणाच्या लक्षात येत नाही. खडा हिंग वेगळा. भात त्या आठवड्यात अश्केनाझी खात नाहीत, बेने इस्राएल खातात. पाहुण्याला विचारून घ्या.

इतके झेपणार नसेल तर लाज वाटून घेऊ नका. आख्खी फळे, सालासकट सुकामेवा, बंद बाटलीतले पाणी, कागदी ताटल्या आणि फक्त पाणीच तापवलेल्या किटलीतला बिनदुधाचा चहा. बटाटे किंवा रताळी त्याने स्वतः फॉइलच्या दोन थरांत गुंडाळून तुमच्या ओव्हनमध्ये भाजली तर पोटभर जेवणही होते.

ज्यू होता येते का? (वाचक, नागपूर)

येते, पण कोणी बोलावत नाही. रब्बी (धर्मगुरू) आधी परतवतात, अशी रीतच आहे. बिगरज्यूने नोहाच्या सात आज्ञा पाळल्या तरी तो देवाला मान्य आहे असे मानतात. तरीही हट्ट धरला तर दीर्घ अभ्यास, तिघांच्या धर्मन्यायमंडळापुढे परीक्षा, पुरुषाची सुंता (आधीच झालेली असल्यास रक्ताचा एक थेंब) आणि मिकवेच्या, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडाच्या पाण्यात पूर्ण बुडी. जन्माने ज्यू म्हणजे आई ज्यू. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ मध्ये, काही अटींवर, वडिलांकडूनही मान्य केले, कर्मठांना ते मंजूर नाही. बेने इस्राएलांनाही इस्राएलमध्ये वंशशुद्धीच्या शंकांना तोंड द्यावे लागले. आंदोलने झाली, तेव्हा १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे मान्य झाले.

अलिबागजवळ जुने घर घेतले. दाराच्या चौकटीला बोटभर लांब पितळी नळी ठोकलेली आहे, आत गुंडाळी आहे. विसर्जन करावे का? (वाचक, अलिबाग)

विसर्जन करू नका. ती मेझुझा आहे. आत चर्मपत्रावर २२ ओळींत शमा आणि त्यापुढची वचने हाताने लिहिलेली असतात, अक्षरे ७१३. आत जाताना उजव्या बाजूला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या तळाशी ती लावतात. अश्केनाझी तिरपी लावतात, सेफार्दी उभी. न्हाणीघराच्या दाराला लावत नाहीत.

चर्मपत्रावर देवाचे नाव असल्याने ते पाण्यात सोडणे, जाळणे किंवा कचऱ्यात टाकणे तिन्ही वर्ज्य. निकामी झालेली गुंडाळी जमिनीत पुरतात. नळी खिळ्यांसकट हलक्या हाताने काढा, गुंडाळी उघडून बघायचा मोह टाळा, कारण वाळलेली शाई उलगडताना सुटते. कोरड्या कापडात गुंडाळून अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) द्या, पुढचे ते बघतील. ती अजून वापरण्याजोगी आहे का, हेही तेच सांगतील. सात वर्षांत दोनदा ती तपासायची असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत याहून लवकर तपासलेली बरी, एक अक्षर जरी तुटले तरी मेझुझा बाद. गुंडाळी छापील कागदाची निघाली तर ती मुळातच मेझुझा नव्हती, तरीही तीही कचऱ्यात नको.

मलिदा ज्यू विधी की कोकणी? (वाचक, पेण)

विधी बेने इस्राएलांचा, सामग्री कोकणची. बारसे, लग्न, घरभरणी, लांबचा प्रवास, फेडलेला नवस अशा निमित्ताने एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. तो स्वर्गात जाताना खंडाळे गावाजवळच्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी समाजाची श्रद्धा आहे.

दहा-बारा जणांना अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ खवून, दीडशे ग्रॅम साखर, आठ-दहा वेलदोडे, बदाम, पिस्ते, मनुका. पोहे भिजत ठेवायचे नाहीत, चाळणीत धुऊन दहा मिनिटे झाकून ठेवायचे. साखर अगदी शेवटी घालायची, आधी घातली तर पाणी सुटून लगदा होतो. ताटात पोह्यांच्या ढिगाभोवती फळे मांडतात, आणि इथे एक गंमत आहे. खजूर, सफरचंद यांवर 'झाडाच्या फळा'चे आशीर्वचन म्हणतात, केळ्यावर मात्र 'जमिनीच्या फळा'चे, कारण केळीचे खोड वर्षानुवर्षे टिकणारे लाकूड नव्हे. म्हणून ताटात दोन्ही प्रकार हवेत.

त्यांचे सण कधी होळीबरोबर येतात, कधी महिनाभर आधी. असे का? (वाचक, कल्याण)

पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येनंतरच्या चंद्रापासून सुरू. बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे, सौर वर्षाला अकराएक दिवस कमी. हा खड्डा भरायला १९ वर्षांत सात वेळा जास्तीचा महिना घालतात. फरक असा की आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत पडतो, त्यांचा नेहमी अदारच. चक्रातल्या ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ व्या वर्षी अदार दोनदा येतो.

पुरीम हा त्यांचा सण अदारच्या चौदाव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास. जुने बेने इस्राएल त्याला 'होळीचा सण'च म्हणत. २०२४ मध्ये पुरीम २४ मार्चला आणि होळीही त्याच दिवशी होती. पण २०१३ मध्ये पुरीम २४ फेब्रुवारीला आणि होळी २६ मार्चला. आपल्याकडे २०१२ मध्ये अधिक भाद्रपद होऊन गेला होता, त्यांचा जास्तीचा अदार २०१४ मध्ये यायचा होता. मधल्या काळात दोन पंचांगे महिनाभर फाकली. पेसाहचेही तसेच. निसान महिन्याच्या पंधराव्याला तो लागतो, त्यामुळे बहुतेक वर्षी हनुमान जयंतीच्या एक-दोन दिवस मागेपुढे पडतो आणि अशा वर्षी महिनाभर आधी.

तारखा बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. दिनदर्शिकेत योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) सोमवारी छापला असेल तर उपास रविवारी सूर्यास्ताआधीच लागतो आणि सोमवारी रात्र पडल्यावर, साधारण २५ तासांनी, सुटतो. पाणीही नाही, आंघोळ नाही, चामड्याची पादत्राणे नाहीत. त्या रविवारी रात्री तुमच्या ज्यू मित्राला जेवायला बोलावू नका.