नेदरलँड्सहून आईवडिलांना एका दिवसात दुसरा देश दाखवायचा तर कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, आणि संध्याकाळी घरी परत यायचंय. ब्रुसेल्स, अँटवर्प सगळे सांगतीलच, मी बार्ले हे सरहद्दीवरचं गाव सांगेन. आम्ही आयंडहोवनला राहतो, तिथून गाडीने पाऊण-एक तास. ट्रेन जात नाही, टिलबर्ग किंवा ब्रेडाहून बस आहे.

गाव एकच, पण काही बेल्जियमचं (बार्ले-हेर्टोख) आणि काही नेदरलँड्सचं (बार्ले-नासाऊ). बेल्जियमचे 22 तुकडे डच जमिनीत विखुरलेत आणि त्यातल्या मोठ्या तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे 7 तुकडे. फूटपाथवर पांढऱ्या फुल्या मारल्यात, एका बाजूला एनएल दुसऱ्या बाजूला बी, त्या बघत बघत चालायचं, दर शंभर पावलांवर बसायला कॅफे आहेच, आम्ही माझ्या आईवडिलांना नेलं तेव्हा आईला त्रास झाला नाही.

मला वाटलेलं बाबांना दहा मिनिटात कंटाळा येईल. पण आम्ही मूळचे बेळगावच्या शहापूरचे, आणि जुन्या लोकांना माहितीये की बेळगाव इंग्रजांकडे होतं आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात, पणजोबा रोज संस्थानातून इंग्रजी मुलखात कामाला जायचे म्हणे. त्यामुळे 1198 मध्ये तिथल्या ड्यूकने, म्हणजे संस्थानिकाने, ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली पण काही तुकडे स्वतःकडेच ठेवले आणि तिथून हा घोळ सुरू झाला, हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, मग काय, आपल्यासारखंच. पुढे तेच मला समजावत होते.

लोफरेन नावाच्या रस्त्यावर एक घर आहे, सरहद्द बरोबर पुढच्या दारातून जाते, त्यामुळे दाराच्या एका बाजूला 2 नंबर आणि दुसऱ्या बाजूला 19. बाबांचा पहिला प्रश्न, घरपट्टी कुणाला भरतात? नियम असा की पुढचं दार ज्या देशात ते घर त्या देशाचं, म्हणून काहींनी दारच हलवलंय. आईचं म्हणणं, दार हलवण्यापेक्षा घरपट्टी भरलेली स्वस्त पडली असती. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जवळपास सगळा बेल्जियम घेतला पण इथे पोचता आलं नाही, कारण चहूकडून तटस्थ नेदरलँड्स. हे ऐकून आमचा दहा वर्षांचा चिरंजीव पण जरा मोबाईलमधून वर बघायला लागला. त्याला खरा इंटरेस्ट फटाक्यांच्या दुकानात होता, नेदरलँड्समध्ये मोठे फटाके तेव्हा फक्त डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत मिळायचे, इथे बेल्जियमच्या बाजूला वर्षभर. घेऊ नका, परत आणताना डच नियम लागतात.

व्हिसाचं म्हणाल तर आईवडिलांचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) व्हिसा सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत येण्याचा, असला तरी चालतो, बेल्जियमला गेल्याने एन्ट्री वाया जात नाही. पण पासपोर्ट ओरिजिनल न्या, आणि तुमचं रेसिडन्स कार्ड पण. डिसेंबर 2024 पासून नेदरलँड्सने बेल्जियमच्या हद्दीवर परत तपासणी सुरू केली, आम्हाला कुणी अडवलं नाही, तरी झेरॉक्सवर विसंबू नका.

खाण्याचं मात्र जपून. आई पूर्ण शाकाहारी, फ्राईजला काय होतंय म्हणून एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) बिनधास्त मागवले, अर्धे खाऊन झाल्यावर कळलं की बीफच्या चरबीत तळलेत. बेल्जियममध्ये ती जुनी पद्धतच आहे, चूक आमची, विचारलंच नाही. आईने पुढे दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुम्ही आधी विचारा तेल कुठलं, नाहीतर सरळ घरून पोळीभाजी न्या.

निघायच्या आधी बाबांनी शहापूरला काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि पाच मिनिटं कॅमेरा खाली धरून नुसता फूटपाथ दाखवत होते, हा बघ बेल्जियम, हा बघ हॉलंड. काका शेवटी वैतागून म्हणाले, अरे तुझं तोंड तरी दाखव.