सौंदर्य आणि ओळख यांवरच्या कादंबऱ्या: सुरुवात कुठून करावी

सिद्धांताची जाडजूड पुस्तकं सध्या बाजूला ठेवा, ती कुठे पळून जात नाहीत. एकच कादंबरी घ्या आणि दोनदा वाचा. मला विचाराल तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' (१९७०).

पहिल्या वाचनात एवढंच शोधा: 'तू कुरूप आहेस' हे पात्राला नक्की कोण सांगतंय? बऱ्याचदा तोंडाने कुणी बोलतही नाही. कादंबरीतली कृष्णवर्णीय मुलगी पिकोला गोड गोळ्या घ्यायला दुकानात जाते. दुकानदाराची नजर तिच्यावर ठरतच नाही, पैसे घेतानाही तिच्या हाताला हात लागू नये असं त्याला वाटतं. आणि गोळीच्या कागदावर मात्र निळ्या डोळ्यांची गोरी मुलगी हसत असते! परकेपणा असा साध्या व्यवहारात मुरलेला असतो. तो तिथेच पकडायचा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पात्राची कीव करून थांबणं. कीव आली की आपण प्रश्न विचारायचं सोडतो.
- आत्मविश्वास म्हणजे शेवटी मिळणारा विजय, असं धरून चालणं. पिकोलाची मैत्रीण आणि कथा सांगणारी क्लॉडिया गोरी बाहुली मोडतोड करून उघडून बघते, तो रागही आत्मविश्वासच. पुढे तीच गोऱ्या सौंदर्याचं कौतुक करायला शिकते, हे नजरेतून सोडू नका.
- प्रत्येक ओळीत प्रतीक शोधणं. (हा आजार बऱ्याच जणांना होतो, आपोआप बराही होतो.)

दुसऱ्या वाचनात पेन्सिल हाती घ्या आणि 'बघणं' जिथे जिथे येईल तिथे खूण करा. लेख लिहायची घाई नको, आधी खुणा जमू द्या.